शेपूट

हत्ती गेला, डॉक्टर, शेपूट तेवढं राहिलंय,
सुकुमार उपाध्ये म्हणाला, आणि हेल्मेट
ऑपरेशनच्या टेबलावर ठेवलं.
टेबल कालच विकलंय, इचलकरंजीच्या एका पोराला,
न्यायला टेम्पो यायचाय, म्हणून मी काही बोललो नाही.

राजारामपुरी, नववी गल्ली. एकतीस वर्षं.
पाटी उतरवली तर भिंतीवर
पाटीएवढाच जुना रंग निघाला, पिस्ता.
मालन सिस्टरची निवड.

उपाध्ये समजावतो, सावकाश, बोटांवर:
तुम्ही सुरी खाली ठेवली, पॉलिसी संपली.
पण तुम्ही शिवलेली पोटं हिंडतायत अजून,
उद्यमनगरात, शाहूपुरीत, पार गारगोटीपर्यंत.
कुणाला कधी काय आठवेल, कुणाचा भाचा वकील होईल.
लहान पोराचं तर तो सज्ञान झाल्यावर
मोजायला लागतात वर्षं.
चूक जुनी असू दे, नोटीस नवीच येते.
तेवढ्यासाठी हे. एकदाच पैसे भरायचे,
मग तुम्ही निवांत, रंकाळ्यावर.

किती, विचारलं. आकडा तोंडानं सांगितला नाही त्यानं,
कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला.
गंगावेशीत दोन चांगल्या म्हशी आल्या असत्या.

हर्निया माझ्या लक्षात नाहीत.
तालमीतली पोरं, शड्डू ठोकायला परत गेली.
अपेंडिक्स मी मोजलीच नाहीत.
जे गेले ते आहेत लक्षात, सगळे.
त्यांच्यासाठी रडून झालं, भांडून झालं,
एकदा काचाही फुटल्या. ते फिटलं.

मग फॉर्म. कलम अकरा:
ज्यातून पुढे दावा उद्भवू शकेल
अशी कोणतीही घटना आपणांस ज्ञात आहे काय?
होय. नाही. दोन चौकोन,
टाक्याएवढे.

वडणग्याची गौराबाई मगदूम.
गळ्याला गाठ, लिंबाएवढी.
कपिलतीर्थात तिनं हाळी दिली की
महाद्वार रोडवरचा कापडवाला
फोनवर बोलताना दुसऱ्या कानात बोट घालायचा.
गाठ निघाली. साधीच होती.
त्या दिवशीची चौथी केस, मधेच लाईट गेली,
जनरेटरनं दीड मिनिट घेतलं,
हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच कारण नाही.
गाठीच्या मागनं एक नस जाते, पांढरी, दोऱ्यासारखी.
ती आधी शोधायची असते.
मी शोधली नाही.

सूज आहे, म्हणालो, येईल आवाज.
नंतर म्हणालो, होतं असं कधीकधी.
कधीकधी. हा शब्द मी निवडून वापरला.
जीव वाचला, ती म्हणाली, म्हणजे ओठ म्हणाले,
आवाज काय चाटायचाय?

तेव्हापासनं दर भोगीला
पिशवीभर वांगी, काटेरी देठांची,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिळाची भाकरी.
पैसे घेत नाही.
आता हाळी नात देते. ही नुसती तोलते.

कोर्टातनं काही आलेलं नाही ना? उपाध्ये म्हणाला.
मग नाहीवर टिक करा. सगळेच करतात.

मी होयवर केली.
खाली तपशिलाला अर्धी ओळ.
तिचं नाव मावलं, गाव मावलं.
नस मावली नाही.

उपाध्येनं बघितलं. काही न बोलता
बॅगेतनं दुसरा कोरा फॉर्म काढला,
पहिल्यावर ठेवला,
पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.
बाहेर टेम्पो वाजला.
चार हमाल आत आले, म्हणाले, हेल्मेट उचला.

दोन्ही फॉर्म मांडीवर घेऊन बसलोय,
खुर्च्याही गेल्या, पायरीवर.
सोमवारी भोगी.
शटर बंद बघून ती शेजारच्या मेडिकलमध्ये विचारेल,
डॉक्टर कुठं गेलं?
तिला दोनदा विचारावं लागेल.